पखवाजाची थाप पडली की गाडीतला ॲम्प गप्प

धुमाळी (वेंगुर्ले):

नमस्कार मंडळी. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस. विजेच्या कामात माझी मजल फ्यूज बदलण्यापुढं गेलेली नाही. पण गेला महिनाभर गाडीतल्या ॲम्पनं, म्हणजे स्पीकरना जोर देणाऱ्या ॲम्प्लिफायरनं, असा पिच्छा पुरवलाय की शेवटी इथं लिहायला बसलो.

गाडी २०१२ ची, छोटी हॅचबॅक. चार वर्षांपूर्वी मुलानं हौसेनं चार चॅनलचा ॲम्प बसवून दिला. पुढचे दोन चॅनल दारांतल्या स्पीकरना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, डिकीतल्या दहा इंची वूफरला, खर्जाच्या स्पीकरला. ॲम्प डिकीतच, मागच्या सीटच्या पाठीला स्क्रूनं मारलेला. मुलगा पुण्याला. फोन केला की "बाबा, रीसेट करून बघा" म्हणतो. काय रीसेट करायचं ते त्यालाही ठाऊक नसावं.

मी गाडीत भजनं ऐकतो, त्यातही डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. स्वतः चाळीस वर्षं पखवाज वाजवतोय. डाव्या पुडीचा, कणकेचा तो खर्जातला आवाज पोटात उतरला नाही तर मला भजन ऐकल्यासारखंच वाटत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. दारातल्या स्पीकरवर पखवाज म्हणजे पत्र्याचा डबा.

आता लक्षणं. आवाज बेताचा असला तर अर्धा-पाऊण तास काही होत नाही. पण बुवांनी गजर चढवला, लय वाढली आणि पखवाजावर सणसणीत थाप पडली की सगळं गप्प. दोन-तीन सेकंद शांतता. मग वूफरमधून 'ठप्' होतं आणि भजन परत सुरू. तोवर बुवा पुढच्या चरणावर पोचलेले असतात. हा प्रकार अगदी थापेवरच होतो. चकवा नव्हे, मी मोजून पाहिलंय.

आणि कधी कधी मात्र आवाज अगदी हळू असतानाही बंद पडतो. सावंतवाडीच्या रस्त्याला तुळसच्या आसपास वळणावर चाक खड्ड्यात गेलं की गप्प, आणि मग गाडी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय आवाज येतच नाही. पाऊस असला की हे जास्त. दोन्ही वेळा स्टिरिओ चालूच असतो, पडद्यावर आकडे पळत असतात.

तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात तीनदा नेली. तिथं गाडी उभी केली की ॲम्प एकदाही बंद पडत नाही. तिसऱ्या खेपेला दुकानदार गाडीपेक्षा माझ्याकडंच जास्त निरखून बघत होता. शेवटी म्हणाला, "ॲम्प गेला गुरुजी, नवा टाका, साडेआठ हजार." जो ॲम्प त्याच्यासमोर तासभर वाजत होता, तो गेला कसा?

चतुर्थी जवळ आली. त्या दिवसांत घरोघर भजनं असतात, मंडळातली चार पोरं माझ्याच गाडीत कोंबलेली असतात, आणि जाता-येता जुन्या बाऱ्या ऐकून चाली पाठ करतात. तेवढ्यासाठी तरी हा निस्तरायला हवा. साडेआठ हजार घालायची तयारी आहे, पण आधी दुखणं कळू दे.


डिकीत_राहणारा (कुडाळ):

गुरुजी, इतकं नीट वर्णन इथं क्वचित वाचायला मिळतं. "ॲम्प चालत नाही, उपाय सांगा" एवढंच लिहून लोक मोकळे होतात.

मला वाटतं तुमच्याकडं दोन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी आहेत. दोन-तीन सेकंदांत आपोआप परत येतो तो प्रकार वेगळा, आणि गाडी बंद-चालू केल्यावरच येतो तो वेगळा. पहिल्यात ॲम्पला पुरेसे व्होल्ट मिळत नसणार. मोठी थाप म्हणजे एकदम जास्त करंट. वाटेत कुठं जोड कच्चा असला तर ॲम्पच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज कोसळतं, आणि साधारण १० च्या आसपास आलं की बहुतेक ॲम्प स्वतःला बंद करून घेतात. बंद झाला की करंट थांबतो, करंट थांबला की व्होल्टेज पुन्हा वर, मग ॲम्प परत चालू. तुमचा 'ठप्' तो हाच.

दुसऱ्यात ॲम्प 'प्रोटेक्ट'मध्ये जात असावा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होत असावा. स्पीकरची वायर बॉडीला लागली, आतून गरम झाला, किंवा लोड झेपेना, तर बरेच ॲम्प असे अडून बसतात आणि पॉवर तोडल्याशिवाय सुटत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न: बंद पडतो तेव्हा ॲम्पवरचा दिवा कोणता असतो? हिरवा तसाच आणि आवाज नाही, तर स्टिरिओकडून आवाज आणणारी आरसीए वायर बघायची. लाल, तर प्रोटेक्ट. एकही दिवा नाही, तर पॉवर, अर्थ (गाडीच्या पत्र्याला लावलेली काळी वायर) किंवा रिमोटची बारीक वायर (स्टिरिओ लावला की ॲम्पला चालू करणारी) यांपैकी एक. रिमोट वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला आहे ना, तेही बघा. नुसत्या निळ्याला जोडली असेल तर ती अँटेनाची, काही स्टिरिओंमध्ये ती फक्त रेडिओ लावल्यावरच चालू असते.

आणखी एक. वूफरला कॉइल एक आहे की दोन? दोन कॉइल एकत्र जोडून २ ओहम केलेला वूफर ब्रिज चॅनलला लावला तर चार चॅनलचे बहुतेक ॲम्प रुसतात. ॲम्पकडून वायर सोडवून मीटरनं मोजा. ४ ओहमचा वूफर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो.


देवगडचो वायरमन:

गुरुजीनू, नवो ॲम्प घेव नकात. आधी अर्थ बगा, बाकीचा सगळा मगे. डिकीत ॲम्पाची काळी वायर खंय कसली हा ती बगा. बऱ्याच जाग्यार रंगावरच स्क्रू मारून मोकळे होतत. रंगातसून करंट जाता काय? काय काय शाणे तर सीट बेल्टाच्या बोल्टाक लावतत, तां तर अजिबात करू नये. बोल्ट काढा, पॉलिश पेपर मारून पत्रो चकचकीत करा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून आवळा, वर व्हॅसलीन फासा. अर्ध्या तासाचा काम. ॲम्पाक गाळी घालूच्या आधी ह्यां करा.


बासप्रेमी:

१ फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवतो) लावा पॉवर वायरवर, विषय संपला.


डिकीत_राहणारा (कुडाळ):

जोड कच्चा असताना कपॅसिटर म्हणजे नळ चोंदलाय म्हणून खाली बादली ठेवणं. बादली एकदा भरेल, पण पाणी नळातूनच यायचंय ना? आधी मोजू दे त्यांना.


धुमाळी (वेंगुर्ले):

सर्वांचे आभार. कामाला लागलो.

दिवा बघायचा कसा? मी चालवतो पुढं, ॲम्प डिकीत. शेवटी मोबाईल डिकीत कपड्यात गुंडाळून टेकवला, व्हिडिओ चालू केला आणि तुळसपर्यंत जाऊन आलो. घरी येऊन बघितला. आमच्या हिनं विचारलं, अंधाराचा सिनेमा काय बघताय? पण त्या अंधारात सगळी मेख होती. थापेवर बंद पडतो तेव्हा हिरवा दिवा विझतो आणि तीन सेकंदांनी परत लागतो. खड्ड्यात बंद पडला तेव्हा मात्र लाल लागला तो लागलाच. म्हणजे कुडाळच्या भाऊंचं बरोबर, दुखणी दोन.

वूफरला कॉइल एकच, मीटरवर ३.५. रिमोट वायर निळ्या-पांढऱ्यालाच आहे.

देवगडकरांनी सांगितल्याप्रमाणे अर्थचा बोल्ट काढला. खरंच रंगावर मारलेला होता! गालिच्याखाली ओल, पत्र्यावर तांबूस गंज. पॉलिश पेपर मारला, नवा लग, व्हॅसलीन. दोन दिवस मजेत गेले, मी इथं विजयाची पोस्ट लिहायलाही घेतली होती. तिसऱ्या दिवशी पाऊस धरला, आणि गजरात पुन्हा गप्प.

मीटर घेऊन डिकीत बसलो. बंद पडल्यावर लगेच मोजलं तर १३.९ व्होल्ट, अगदी ठणठणीत. मग पॉवर कमी पडते म्हणायची कशी?


मिरकरवाडा_जेटी:

गुरुजी, मी रत्नागिरीला मच्छीमार लाँचवरची वायरिंग करतो. दिवे, वायरलेस, जीपीएस, बॅटऱ्या. खाऱ्या पाण्यावर बारा व्होल्ट कसे जगतात आणि कसे मरतात ते रोज बघतो, म्हणून लिहितोय.

तुमचं मोजणं चुकलं नाही, वेळ चुकली. ॲम्प बंद पडला की करंट वाहत नाही. करंट नाही तर कच्च्या जोडावर व्होल्टेज पडतही नाही, मीटर पूर्ण आकडा दाखवतो. एका केसाएवढ्या तारेतूनसुद्धा मीटरला १३.९ दिसतील. खरं काय ते लोड टाकल्यावरच कळतं. आणि दुकानात आवाज हळू ठेवून तासभर लावला की काहीच होत नाही, तेही याच कारणानं. तुमच्या दुकानदाराला खोटा म्हणायचं कारण नाही, त्यानं लोडच टाकला नाही.

असं करा. हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा, आणि ॲम्पच्या बॅटरी (प्लस) आणि ग्राउंड (अर्थ) या दोन टर्मिनलांवर लावा. बल्ब साडेचार अँपिअर ओढतो आणि ॲम्पसारखा रुसून बंद पडत नाही. काच तापते, कापडावर ठेवू नका. इंजिन चालू ठेवून चार ठिकाणी मोजायचं:

एक, बॅटरीच्या दोन टोकांवर.
दोन, ॲम्पच्या दोन टर्मिनलांवर.
तीन, बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पच्या प्लसपर्यंत. इथं मीटरचा एक काटा पुढं बोनेटखाली, एक मागं डिकीत. लांब वायर जोडून घ्या.
चार, बॅटरीच्या मायनसपासून ॲम्पच्या ग्राउंडपर्यंत, तसंच.

तिसरा आणि चौथा आकडा म्हणजे वाटेत सांडलेलं व्होल्टेज. एवढ्या लोडला दोन्ही मिळून ०.२ च्या आत हवं. ज्या बाजूला जास्त सांडतंय त्या बाजूचे जोड एकेक करून तपासा, मीटरचे काटे जोडाच्या अल्याड-पल्याड लावून. अंदाजानं काही सोडवू नका, नाहीतर हललेला जोड तात्पुरता बरा होतो आणि चोर हातचा जातो. तुमचा अर्थ साफ केल्यावर दोन दिवस बरं वाटलं ना, तिथं अर्धा रोग अर्थचा होता.

पॉवर वायर कापून तिचं तोंड बघा. आतल्या तारा तांबड्या पण चाकूनं खरवडल्यावर पांढऱ्या निघाल्या तर ते ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. स्वस्तातल्या किटमध्ये हीच येते. तांब्याच्या मानानं ती दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमीच करंट वाहते, ते एक वेळ चालेल. पण आपल्या किनाऱ्यावर खारी ओल कापलेल्या टोकातून आत शिरली की दोन धातूंचं भांडण सुरू होतं आणि ॲल्युमिनियम त्यात संपतं. तांबं कळकलं तर हिरवं दिसतं, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. हिरवं असेल तर घासून भागतं, पांढरं असेल तर वायरच बदला.

आणि बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर सगळ्यात आधी बघा. पावसात बोनेटखाली सगळ्यात जास्त तोच भिजतो.


धुमाळी (वेंगुर्ले):

चोर सापडला. सविस्तर लिहितो, कारण पुढं कुणाला तरी उपयोग होईल.

बल्ब लावला. बॅटरीवर १४.१, ॲम्पवर १३.३. म्हणजे ०.८ व्होल्ट वाटेत सांडले. अर्थच्या बाजूला ०.०८ (देवगडकर, तुमच्या पॉलिश पेपरचा विजय). प्लसच्या बाजूला ०.७१! मग मिरकरवाड्याच्या भाऊंनी सांगितलं तसं होल्डरच्या अल्याड-पल्याड काटे लावले. एकट्या होल्डरवर ०.६२. पाच मीटर वायरीवर उरलेले ०.०९.

शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणून हिशेब केल्याशिवाय राहवेना. बल्ब आणि ॲम्पचा स्वतःचा थोडा मिळून साडेपाच अँपिअर धरले, तर त्या होल्डरचा विरोध ०.११ ओहम होतो. वायर, अर्थ सगळं धरून ०.१४. गजर चढला आणि ॲम्पनं ३० अँपिअर मागितले की सव्वाचार व्होल्ट तिथंच गेले. ॲम्पच्या वाट्याला दहाहून कमी. म्हणजे थाप पडली की बंद, हे गणितानंच सिद्ध झालं. फळ्यावर लिहून वर्गाला दाखवावं असं उदाहरण, पण आता वर्ग कुठला.

होल्डर तसा वरून चांगला दिसत होता, म्हणून तर कुणाची नजर गेली नाही. काचेसारखी टोपी आहे, आत फ्यूज शाबूत. पण भजन लावून दहा मिनिटांनी बोट लावलं तर चटका बसला. उघडला तर आतली बाजू पिवळी पडून वाकलेली, आणि वायर जिथं स्क्रूनं दाबली होती तिथं पांढरी भुकटी, चुन्यासारखी. तारा बोटानं चुरगळल्या. मला एक कोडं पडलं होतं की एवढं तापतंय तर फ्यूज उडत का नाही. मग कळलं, फ्यूज जास्त करंटनं उडतो. इथं करंट जास्त नव्हताच, जोड वाईट होता. ४० चा फ्यूज शेजारचं प्लास्टिक वितळताना बघत नुसता बसून राहिला असता. त्या रात्री मला जरा उशिराच झोप लागली.

आता यात माझीही चूक आहे. होल्डर बॅटरीच्या शेजारी आडवा पडलेला, काचेखालच्या जाळीतून पाणी थेट त्याच्यावर. आणि दर चतुर्थीच्या आधी मी गाडी धुताना बोनेट उघडून आत पाइप मारतो. गाडी चकचकीत दिसावी म्हणून! मुलाला सांगितलं तर म्हणाला, "बाबा, इंजिनावर पाणी मारायचं नसतं हे सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी मला कोणी सांगत नाही.

आता नवी वायर कोणती घेऊ? आणि लग दाबून बसवायचा की डाग (सोल्डर) द्यायचा?


मिरकरवाडा_जेटी:

अख्ख्या तांब्याची ८ गेज, आणि मिळाली तर कल्हई केलेली. लाँचवर आम्ही तीच वापरतो. भांड्याला कल्हई कशासाठी असते ते तुम्हाला सांगायला नको, वायरीचंही तेच. थोडी महाग पडेल, पण पाच मीटरचाच प्रश्न आहे.

लग दाबूनच बसवा, चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीनं. पक्कड नसेल तर बॅटरीच्या दुकानात दाबून देतात. नुसता डाग दिला तर डागाच्या कडेला तार कडक होते आणि गाडीच्या थरथरीनं तिथंच तुटते. वरून डिंकवाली हीट श्रिंक स्लीव्ह, तापवली की आवळून बसणारी नळी. काळी टेप नको, पावसात तिचा डिंक सुटतो आणि पाणी आत अडवून ठेवते. होल्डर झाकणाला रबर असलेला घ्या, बॅटरीपासून हातभराच्या आत ठेवा, आणि उभा बसवा, वायर खालून बाहेर येईल असा. पाणी वायरीवरून ओघळतं, ते खालीच गेलं पाहिजे. काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, शेवटी लावा.


देवगडचो वायरमन:

मी अर्थ म्हणलंय, निगालो फ्यूज होल्डर. चलता. पन अर्थय खराब होतोच ना!


धुमाळी (वेंगुर्ले):

होता, होता. निम्मं श्रेय तुमचं.

वायर सावंतवाडीत मिळाली, कल्हईची नाही पण अख्ख्या तांब्याची. दुकानदारानं चाकूनं खरवडून दाखवली, मी सांगितल्यावर. रविवारी बसून केलं काम. आता बल्ब लावल्यावर ॲम्पवर १४.०. मोबाईलनं मीटरचा व्हिडिओ काढत पूर्ण आवाजात एक अख्खी बारी लावली, शेजारी दोनदा डोकावून गेले. सगळ्यात खाली आकडा आला तो १३.३. एकदाही गप्प नाही.

राहिला तो लाल दिवा. कुडाळच्या भाऊंनी म्हटलं होतं म्हणून एकेक स्पीकरच्या वायरी ॲम्पकडून सोडवून चालवून बघितलं, प्रत्येकी दोन दिवस. डाव्या दाराचा सोडवला तेव्हा खड्ड्यातही लाल दिवा लागला नाही. दार उघडून बघितलं तर दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतून वायर घालायचा कंटाळा केलेला, बाहेरूनच बिजागरीजवळून नेलेली. दार लावताना दर वेळी चिमटा. सालपट निघून तांबं उघडं पडलेलं, गाडी हलली की बॉडीला लागायचं, ओल असली की जास्तच. नळीतून नवी वायर ओवताना माझी दोन बोटं सोलवटली, वायरी बसवणारा पोरगा का टाळतो ते कळलं. साबणाचं पाणी लावलं तेव्हा सरकली.

जुना होल्डर फेकला नाही. मंडळातल्या पोरांना दाखवायला ठेवलाय.


डिकीत_राहणारा (कुडाळ):

गुरुजी, तो दुकानात नेऊन दाखवा.


धुमाळी (वेंगुर्ले):

नेला होता. त्यानं हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाला, "हा आमच्याकडचाच." मग चहा मागवला.